दुसऱ्या नोंदीची लांबी

बुधवारी तिला सुट्टी असायची आणि बुधवारी दुपारी ती आईबाबांकडे जायची. त्या बुधवारीही गेली. आईने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आतल्या खोलीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "जा, वाट बघतायत. सकाळपासून दोन गाणी मांडून बसलेत. जगभरातल्या गाण्यांच्या जोड्या लावतील, पण कपाटात पायमोज्यांची एक जोडी लागलेली सापडली तर शपथ."

"ऐकू येतंय मला," आतून बाबा म्हणाले.

"हे बरं ऐकू येतं!" आई म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

आतली खोली एके काळी तिची अभ्यासाची खोली होती. आता तिथे भिंतीला लागून एक लांब टेबल होतं, त्यावर संगणक, दोन हेडफोन, बाबांची निळ्या शाईची वही आणि दोन खुर्च्या. बाबांची फिरती खुर्ची दोन वर्षांपूर्वी घेतलेली. घेतल्यापासून ती मागे रेललं की कुरकुरायची, एकदा लांब आणि लगेच एकदा आखूड. दुसरी खुर्ची साधी लाकडी, तिची.

"या तपासनीसबाई," बाबा म्हणाले. ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायला लागली, तेव्हापासून तिला घरात हेच नाव पडलं होतं.

बाबांनी चौतीस वर्षं एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवरच्या एका संगीतसूचीचं काम अंगावर घेतलं. ही सूची कोणा एकाच्या मालकीची नव्हती. कोणीही यावं आणि आपल्याकडच्या रेकॉर्डची नोंद करावी: कोणी गायलं, कोणी वाजवलं, कुठलं साल, किती मिनिटं. शक्य असेल तर ऐकण्यासाठी एक प्रत जोडावी. हजारो हात एकाच वहीत लिहायला लागले की तीच गोष्ट दोनदा लिहिली जाणारच. बाबा या डुप्लिकेट नोंदी शोधायचे आणि एकत्र करायचे. "पुसत नाही गं," ते म्हणायचे. "ही फक्त तिच्या घरी राहायला जाते. जुन्या पत्त्यावर कोणी आलं तर त्याला नव्या घरी पाठवतात." प्रस्ताव टाकला की तो सात दिवस सगळ्यांसाठी उघडा राहायचा. कोणी सकारण विरोध केला तर थांबायचा. नाही केला तर सातव्या दिवशी त्याच वेळेला आपोआप लागू व्हायचा. तिथे सगळे टोपणनावाने वावरायचे. बाबांचं नाव होतं 'उजवा कान', कारण सहा वर्षांपूर्वी डावा गेला होता आणि उजवाही यंत्राच्या आधाराने चालला होता.

त्यांचा एक नियम होता. दोन्ही नोंदी शेवटपर्यंत ऐकायच्या आणि सूर संपल्यानंतर टेपवर जी काही शांतता उरली असेल तीही ऐकायची. "सूर सारखे येऊ शकतात. पक्का वाजवणारा असेल तर दोनदा तेच वाजवतो. शांतता मात्र दोनदा सारखी येत नाही."

डावा कान गेला तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं, "आता तुझे कान ते माझे." तेव्हापासून दर बुधवारी ती शेजारी बसून ऐकायची. मग बाबा हेडफोन काढायचे, मागे रेलायचे आणि विचारायचे, "काय गं? एकच ना?"

आणि दर बुधवारी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची.

कारण तिला सूर कळत नव्हते. अजिबात नाही. एखाद्या वाक्याचा पाय किंचित लचकलेला असला तरी तिच्या लक्षात यायचं. तीनशे पानांच्या पुस्तकात एकाच माणसाचे डोळे दोन रंगांचे झाले तर ती पकडायची. पण दोन चाली शेजारी ठेवल्या की तिला दोन्ही एकाच पाण्यासारख्या वाटायच्या. शाळेत संगीताच्या बाईंनी तिला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. ही गोष्ट तिने घरी सांगितली नव्हती. ध्वनिमुद्रकाच्या एकुलत्या एक मुलीने ती कोणत्या तोंडाने सांगायची? मग पुढेही राहूनच गेली. बाबांच्या मनात उत्तर तयार असायचं. ते त्यांच्या उजव्या भुवईवर दिसायचं. ती ते वाचायची आणि सांगायची. बाबांना वाटायचं, हिने ऐकलं.

त्या बुधवारी मात्र भुवईवर काहीच नव्हतं.

"हा माणूस माझ्या स्टुडिओत एकदाच आला होता," बाबा सांगत होते. "चाळीस वर्षं झाली. ज्याचं मुद्रण होतं तो आला नाही, आणि हा म्हातारा बाहेर बाकावर व्हायोलिन घेऊन बसला होता. म्हटलं, या, वेळ फुकट जातोय. आला, वाजवलं, गेला. त्याचं दुसरं काही कुठे सापडत नाही. मी तेव्हाची टेप चढवली, ती ही पहिली नोंद. आता कोणालातरी लांबच्या एका गावात जुन्या सामानाच्या दुकानात एक तबकडी सापडली. ही दुसरी. लांबी सारखीच, चार मिनिटं बारा सेकंद. पण मला पुसटसं आठवतंय की चहा झाल्यावर त्याने तेच पुन्हा वाजवलं होतं. की चहाच्या आधी? वरचे सूर मला आता वाफेसारखे लागतात गं. हातात येत नाहीत." ते थांबले. "दोन असतील, तर त्या माणसाचं जगात दोनदा काहीतरी उरलंय. एक असेल, तर एकदाच. म्हणून नीट ऐक."

तिने नीट ऐकलं. सूर थांबले तेव्हा सवयीने हेडफोन मानेवर घेतले. बाबा मागे रेलले. खुर्ची कुरकुरली, एकदा लांब, एकदा आखूड.

"काय गं? एकच ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"एकच," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत ऐकलंस?"

"हो, बाबा."

त्यांनी प्रस्ताव टाकला. त्याखाली दोन बोटांनी टाइप केलं: "दोन्ही ऐकल्या. मुलीनेही ऐकल्या. एकच." दुपारचे साडेतीन वाजले होते. मग चहा आला, आणि आईने पायमोज्यांचा विषय पुन्हा काढला.

गुरुवारी सकाळी फिरायला निघताना बाबा दाराजवळच्या स्टुलावर बूट घालायला बसले. एक घातला. दुसरा हातात होता. आठ वाजले असतील, आई नंतर सांगायची, कारण दूध तेव्हाच उतू गेलं होतं आणि ती रागावून त्यांना हाक मारत होती.

रविवारपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, रविवारी रिकामं झालं. आई झोपली होती. ती आतल्या खोलीत संगणक बंद करायला गेली आणि पडद्यावर तो प्रस्ताव तसाच उघडा दिसला. खाली एक नवी टिप्पणी होती. टाचणी. बाबा या टाचणीबद्दल नेहमी सांगायचे. सूचीतला सर्वांत काटेकोर माणूस, कोणाच्याही नोंदीला टोचल्याशिवाय पुढे जात नाही.

टाचणीने लिहिलं होतं: "लांबी जुळत नाही. पहिली ४:१२, दुसरी ४:३१. उजवा कान, खात्री आहे?"

तिने दोन्ही नोंदी उघडल्या. खरंच होतं. पण बुधवारी दोन्ही चार-बारा होत्या. आकडे तिच्या नजरेतून सुटत नाहीत, तो तिचा धंदाच होता.

तिने बाबा गेल्याचं त्यांच्याच नावाने दोन ओळींत कळवलं. मग हेडफोन लावले आणि दुसरी नोंद ऐकली. व्हायोलिन वाजलं, थांबलं. या वेळी तिने हेडफोन काढले नाहीत. आधी नुसती खोलीची पोकळी ऐकू आली. एखाद्या बंद खोलीत कोणीतरी शांत बसलं की हवा जशी भरून येते, तशी. आणि अगदी शेवटी, ध्वनी तुटायच्या जरा आधी, एक कुरकुर. एकदा लांब, एकदा आखूड.

जुन्या स्टुडिओंतही खुर्च्या असतात, असं तिने स्वतःला समजावलं. सगळ्याच कुरकुरतात.

सोमवारी सकाळी दुसऱ्या नोंदीची लांबी चार-अठ्ठावन्न झाली होती.

बाबांच्या निळ्या वहीत मागच्या पानावर टाचणीचा फोन नंबर होता. तिने लावला.

"टाचणी बोलतेय," पलीकडचा आवाज वयस्कर आणि कोरडा होता, जन्मभर शिकवलेल्या माणसाचा असतो तसा. "हो, बाईच आहे. तुमच्या वडिलांनाही पहिल्यांदा धक्का बसला होता. त्यांना वाटलं होतं, इतका खडूस म्हणजे कोणीतरी बुवाच असणार." मग जरा थांबून, "वाईट झालं हो. फार वाईट झालं. सूचीत इतक्या वेळा भांडले मी त्यांच्याशी, पण माणूस असा की हरला तरी थँक्यू म्हणायचा."

"दुसऱ्या नोंदीची प्रत कोणी बदलतंय का?"

"तेच बघत होते. कोणीही बदललेली नाही. जोडल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही, तीन वेळा पाहिलं. आणि लांबी तर वाढते आहे. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय, मला असले आकडे आवडत नाहीत. गुरुवारी सकाळी सातला मी रोजची यादी बघितली तेव्हा चार-बारा होती. नऊला पुन्हा बघितली तेव्हा चार-पंधरा. तेव्हापासून चढतीच आहे."

तिला दाराजवळचं स्टूल आठवलं, आणि हातातला दुसरा बूट.

"आहात ना?"

"आहे. तुम्हाला शंका आहे तर तुम्ही विरोध का नोंदवत नाही?"

"कारण काय लिहू? नुसती लांबी चालत नाही. कोणी टेप लगेच बंद करतो, कोणी सावकाश. सूर तेच की वेगळे, हे ऐकणाऱ्याने सांगायचं. मी ऐकत नाही हो, मी मोजते. ऐकणाऱ्यांची नावं प्रस्तावावर आहेतच. एक ते, एक तुम्ही."

"बाकी कोणीतरी..."

"बाकीच्यांचं बघितलंत का? तुम्ही कळवल्यापासून एकवीस होकार पडलेत. त्यातल्या एकानेही ऐकलेलं नाही. उजवा कान यांचा शेवटचा प्रस्ताव, म्हणून फुलं ठेवल्यासारखे होकार ठेवून जातायत. त्या गर्दीत मी एकटी नाही म्हणायला लागले, तर टाचणी मेल्या माणसालाही सोडत नाही म्हणतील. म्हणोत, त्याचं काही नाही. पण कारण हवं."

"आणि बुधवारी एकत्र झाल्या, मग चूक कळली, तर?"

"नोंद पुन्हा वेगळी करता येते. पण दुसरीची जोडलेली प्रत तोवर गेलेली असते. ती परत येत नाही." टाचणीने खाकरून घेतलं. "पण तुम्ही ऐकलंय म्हटल्यावर मला चिंता नाही. ते नेहमी सांगायचे, माझा एक कान गेला आणि मुलीचे दोन मिळाले, फायद्यातच आहे मी."

फोन ठेवून ती लाकडी खुर्चीत बसली. मग तिने वही उघडली. बाबा प्रत्येक जोडीची तारीख लिहून ठेवायचे, आणि जिथे ती शेजारी असायची तिथे समासात एक छोटा कान काढायचे. कितीतरी कान होते. तिने मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिलं.

त्या दिवशी चार-अठ्ठावन्नमध्ये कुरकुरीनंतर पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. आणि मग घशातल्या घशात, दात न उघडता केलेलं "हं". बाबा काही लिहिण्याआधी असं करायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या टेपवरही करत असतील. तेव्हाही ते त्याच खोलीत होते, टेपच्या पलीकडे. असं समजायला हरकत नव्हती. फक्त ही नोंद त्या टेपवरची नव्हती. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दुकानात, बाबांचा हात कधीही न लागलेल्या तबकडीवरची होती.

मंगळवारी आई आतल्या खोलीत आली. हातात धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि त्यात पायमोजे होते.

"काय ऐकत असतेस दिवसभर?"

"एक व्हायोलिन आहे. बाबांचं काम राहिलंय."

"दाखव."

आईने कपडे टेबलावर ठेवले, हेडफोन डोक्यावर आडवेच बसवले आणि उभ्या उभ्या ऐकू लागली. व्हायोलिन चाललं होतं तेव्हा तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. पडद्यावरचा काटा चार-बाराच्या पुढे गेला. चार-तीसपाशी आला. आईचा चेहरा एकदम तिरसट झाला, रोजचा, घरचा.

"दोन वर्षं सांगतेय, त्या खुर्चीला तेल घाला, तेल घाला. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने घातलं असतं."

मग ती थांबली. दोघींनी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, टेबलाकडे तोंड करून.

आईने हेडफोन काढले नाहीत. उलट दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. बऱ्याच वेळाने काढले, टेबलावर अलगद ठेवले आणि पायमोजे जुळवायला घेतले.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"काही नाही अजून," आई म्हणाली. "पण विचारायचंय काहीतरी. विचारायचं असलं की असेच बसतात. पेन उघडून." तिने एक काळा पायमोजा दुसऱ्या काळ्याशेजारी धरून बघितला. "तुला ठाऊक असेल काय ते. माझ्याशी गाण्याचं कधी बोलले नाहीत. मी सरळ सांगून टाकलं होतं ना, लग्न झालं त्याच वर्षी. म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मला पिडू नका."

"मग? रागावले?"

"कशाला रागावतील? हसले. म्हणाले, बरं झालं सांगितलंस." आईने जोडीची गुंडाळी केली. "तुझ्या वेळी मात्र काय आनंद. मला सांगायचे, पोरीने कान घेतले माझे."

आई कपडे घेऊन गेली. बरं झालं सांगितलंस. इतकं सोपं होतं ते, आणि ते ऐकायला तिला एवढा उशीर झाला होता.

रात्री ती लवकर झोपली, पण झोप लागायच्या आधी एक गोष्ट तिला स्पष्ट दिसली. उद्या साडेतीनला एकत्रीकरण झालं तर पहिली नोंद राहील. त्या म्हाताऱ्याचं जगात जेवढं उरलं होतं, त्यातलं कदाचित निम्मं जाईल, तिच्या एका शब्दावर. आणि दुसऱ्या नोंदीबरोबर ती पोकळी जाईल, ती कुरकुर, ते "हं". विरोध करायचा तर कोणासाठी करायचा, म्हाताऱ्यासाठी की स्वतःसाठी, हे तिला ठरवता येईना. कोणासाठीही केला तरी कारण एकच होतं. आणि ते बाबांच्या वाक्याखाली लिहावं लागणार होतं, एकवीस फुलांच्या शेजारी.

बुधवार उजाडला. दुपारी तीनला ती आतल्या खोलीत गेली. प्रस्ताव उघडला. होकार चौतीस झाले होते. तिने 'विरोध' निवडलं. खाली कारणाचा रिकामा चौकोन आला.

तिने लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. दुसऱ्याच्या मजकुरात ती एका क्षणात नेमका शब्द बसवायची. साडेतीनला दहा कमी असताना तिने जे लिहिलं ते असं होतं:

"मुलीचं ऐकणं धरू नये. तिला सूर ओळखता येत नाहीत. यात नाही, आधीच्या कुठल्याही जोडीत नाही. हे तिच्या वडिलांना माहीत नव्हतं. मुलगी."

आणि पाठवून दिलं.

प्रस्ताव थांबला. मिनिटभरात टाचणीचं उत्तर आलं: "नोंद घेतली. दोन्ही राहतील. आधीच्या जोड्या मी एकेक करून ऐकणाऱ्यांकडे देते, घाई नाही. हे लिहायला सोपं नव्हतं, कळतंय मला." आणि त्याखाली, जरा वेळाने, "बाई, दुसरीची लांबी बघा."

तिने बघितली. सात मिनिटं तीन सेकंद. मग चार. मग पाच. आकडा तिच्या डोळ्यांसमोर चालत होता.

तिला वाटलं होतं, विरोध नोंदवला की हे थांबेल. खरं ते लिहिलं होतं. अनोळखी माणसांना लिहिलं होतं.

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. इकडे तिने हेडफोन लावले आणि नोंद सुरुवातीपासून सुरू केली.

व्हायोलिन वाजलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. आज पहिल्यांदा तिने कळल्यासारखं तोंड केलं नाही. नुसती बसून राहिली, आणि ते कळत नसताना छान वाटलं.

सूर थांबले.

पोकळी. खुर्चीची कुरकुर, लांब, मग आखूड. टोपण. "हं."

मग उजव्या बाजूने, अगदी जवळून, जिथे ते नेहमी बसायचे तिथून:

"काय गं? एकच ना?"

आवाज थकलेला नव्हता. रागावलेलाही नव्हता. नेहमीचा होता. विचारून झाल्यावर बाबा थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, नाकातून.

सात मिनिटं झाली. आठ.

तिने डोळे मिटले. कोणाच्याही चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं.

हेडफोनमध्ये, लांब कुठेतरी, फरशीवर चमचा पडला आणि घुमत राहिला.

क्षणभराने स्वयंपाकघरात आईच्या हातून चमचा पडला आणि घुमत राहिला. "धडपणा नाही हाताला," आई म्हणाली. तेही तिने आधी ऐकलं होतं.

ती हलली नाही.

नऊ मिनिटं. बाबा थांबले होते.

मग हेडफोनमध्ये, त्यांच्या शेजारच्या लाकडी खुर्चीतून, एका बाईने खोल श्वास घेतला.

तिने अजून घेतला नव्हता. मग घेतला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला नाही कळत. मला सूर कधीच कळले नाहीत. मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगायचे."